कॅसिनोत किंवा पत्त्यांत पैसे गेल्यावर डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं?

वारणाकाठ

जानेवारीत आम्ही चौघं कोल्हापूरहून गोव्याला निघतोय. त्यात एक रात्र पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर. प्रवेशाचे पैसे सोडून खेळायला माणशी १०,००० रुपये ठरलेत, मुख्यतः रूलेटसाठी, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर किंवा रंगावर थांबेल यावर पैसे लावायचा खेळ. घरी बसून बोलताना सगळ्यांना मान्य आहे की हे पैसे गेले तरी चालतील. प्रश्न रात्री दीड वाजताचा आहे. "सात गेलेत, अजून पाच काढतो, निघतील" असं चौघांतला कुणीतरी म्हणणार, आणि त्या वेळी बाकीच्यांकडे उत्तर नसणार.

हार पचवायला शिका, असं सगळेच सांगतात. ते करायचं कसं, हे कुणी नेमकं सांगेल का? रक्कम कशावरून ठरवायची, टेबलावर काय पाळायचं, दुसऱ्या दिवशी तोंड पाडून न बसता उरलेली सहल कशी करायची? दिवाळीत घरी तीन पत्ती बसते तिथेही हाच गोंधळ होतो, त्याबद्दलही लिहिलंत तर बरं.

सांख्यिक

हार पचवायची तर ती आधी आकड्यांत दिसली पाहिजे. माणूस रकमेपेक्षा जास्त चिडतो तो अनपेक्षितपणामुळे. म्हणून तुमच्या १०,००० चं काय होऊ शकतं ते मांडतो.

एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं असतात. लाल धरलं तर १८ घरं तुमची, १९ (१८ काळी आणि शून्य) कॅसिनोची, आणि पैसे मात्र एकास एक. त्यामुळे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे जातात. चाकावर दोन शून्यं असतील तर घरं ३८ आणि जाणारे पैसे ५ रुपये २६ पैसे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. बसण्याआधी चाक बघायला पाच सेकंद लागतात, ते बघाच.

आता तुमची रात्र. डाव ५०० चा, तासाला ४० फेऱ्या, चार तास. तेच तेच पैसे फिरून १६० फेऱ्यांत एकूण ८०,००० रुपये लागतात, आणि त्याचे २.७ टक्के म्हणजे २,१६०. ही त्या करमणुकीची सरासरी किंमत. पण सरासरीभोवतीचा चढउतार साधारण ६,३०० रुपयांचा आहे. तीनांतल्या दोन रात्री तुम्ही ४,१०० च्या फायद्यापासून ८,५०० च्या तोट्यापर्यंत कुठेतरी असाल. चार तासांनी फायद्यात उठायची शक्यता तीनांत एक, आणि मधेच कधीतरी १०,००० पूर्ण संपायची शक्यता साधारण पाचांत एक. चौघं वेगवेगळे खेळलात तर कुणा ना कुणाचे सगळे पैसे जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. हे गाडीत बसण्याआधी चौघांनाही माहीत असू द्या. मग ज्याचे जातील त्याला आपलंच नशीब फुटकं असं वाटणार नाही.

टेबलाची किमान बोली ५०० पेक्षा जास्त निघाली तर रक्कम वाढवू नका, वेळ कमी करा. ढोबळ मानाने खिशात किमान बोलीच्या वीसपट पैसे असावेत. त्याहून कमी असतील तर अर्ध्या तासात उठायची तयारी ठेवा. आणि हे सगळं लाल-काळ्याचं झालं. एकाच आकड्यावर ५०० लावत बसलात तर सलग वीस वेळा काहीही न लागण्याची शक्यता ५८ टक्के आहे, म्हणजे अर्ध्या तासात पैसे संपणं हीच तिथली नेहमीची गोष्ट. कॅसिनोची टक्केवारी तीच, फक्त धक्का मोठा.

हरलं की डाव दुप्पट करण्याची युक्ती कुणीतरी सांगेल. ५००, १,०००, २,०००, ४,०००. चार हारींत ७,५०० गेले, पाचवा डाव ८,००० चा आणि हातात २,५००. एटीएमची आठवण होते ती नेमकी इथे. सलग चार हार म्हणजे काही आक्रीत नव्हे, कुठल्याही चार फेऱ्या घेतल्या तर चौदांत एकदा असं होतं. सलग सहा हार चोपन्नांत एकदा, पण १०० फेऱ्या खेळलात तर त्यात कुठेतरी सहाची माळ येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. आणि एवढं सगळं करून ती युक्ती यशस्वी झालीच, तर मिळणार किती? ५०० रुपये.

चाकाशेजारच्या फलकावर मागचे आकडे झळकत असतात, त्यांचा पुढच्या फेरीशी काही संबंध नाही. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत सलग २६ वेळा काळं आलं. "आता तरी लाल येणारच" म्हणत लोक दर फेरीला रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. गोळीला मागचं काही आठवत नाही.

मांडवीपार

सांख्यिक यांचे आकडे घरी कागदावर लिहून न्या, कारण जहाजावर एवढं शांत डोकं राहत नाही. तिथल्या व्यवहाराबद्दल मी लिहितो.

पहिली गोष्ट चिप्सची, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्यांची. प्रवेशाच्या पॅकेजबरोबर ज्या चिप्स किंवा कुपनं मिळतात त्यांतली बरीचशी 'वन टाइम प्ले' असतात. एकदा लावायची, जिंकलात तर जिंकलेली रक्कम रोखीच्या चिप्समध्ये मिळते, पण ते कुपन स्वतः काउंटरवर मोडून मिळत नाही. दोन्ही एकाच ढिगात ठेवल्या की आपल्याकडे किती पैसे आहेत याचा अंदाज फसतो. वेगळ्या खिशात ठेवा.

दुसरी गोष्ट जीएसटीची. चिप्स घ्यायला दिलेल्या पूर्ण रकमेवर तो धरला जातो. १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय. कॅसिनो तो तुमच्याकडून वेगळा घेतो, रकमेतून कापतो की स्वतः सोसतो, हे काउंटरवर स्पष्ट विचारून पावती घ्या. मगाशी २.७ टक्क्यांचा हिशोब झाला. कर तुमच्या खिशातून जाणार असेल तर खेळाआधीच त्याच्या कितीतरी पट रक्कम गेलेली असते. तो खर्च १०,००० च्या आत धरा. "अजून पाच काढतो" म्हणणाऱ्यालाही हेच दाखवा, नव्या पाचावर नवा कर लागतो.

आता बंधनं. ती डोक्यात ठेवून उपयोग नाही, हाताला जाणवली पाहिजेत. रक्कम रोख न्या आणि २,५०० ची चार पाकिटं करा, एका तासाला एक. पाकीट वीस मिनिटांत संपलं तर उरलेली चाळीस मिनिटं वरच्या डेकवर. डेबिट आणि क्रेडिट कार्डं हॉटेलच्या लॉकरमध्ये. फोन सोबत लागतोच, पण बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा टॅक्सीपुरती, म्हणजे हजार-दोन हजारांवर आणून ठेवता येते. कार्डाच्या एटीएम आणि ऑनलाइन व्यवहारांची मर्यादाही ॲपवरूनच कमी होते, हवं तर तेवढा व्यवहार बंदच करता येतो. हे आदल्या दिवशी करा. जेटीवर उभं राहून कुणी करत नाही.

जिंकलेले पैसे पुन्हा टेबलावर ठेवू नका. मूळ रकमेच्या वर गेलेल्या चिप्स दर तासाच्या शेवटी काउंटरवर मोडा. नोट हातात आली की ती पैसा वाटते. रंगीत चकती तशी वाटत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती चकती आहे.

दारू पॅकेजमध्येच असते, त्यामुळे किती झाली याचा हिशोब राहत नाही. खेळायचे तास आणि प्यायचे तास वेगळे ठेवा, आधी खेळ. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि दर तासाचा गजर लावा.

आणि चौघांत उधारी नाही. हा एक नियम बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. "तुझ्याकडे उरलेत ना, दे तीन हजार, सकाळी जीपे करतो" याला काय उत्तर द्यायचं ते आत्ताच ठरवा. रात्री दीडला ज्याचे पैसे गेलेत त्याच्याशी वाद घालू नका, हिशोबही शिकवू नका. दोघांनी उठायचं आणि "चल, जेवण बंद व्हायच्या आत वर जाऊ" म्हणायचं. वीस मिनिटं टेबलापासून लांब गेलं की बहुतेकांचा झटका ओसरतो. उरलेल्या दोघांनीही त्या वेळी खेळ थांबवायचा. त्याला एकट्याला उठवलंत तर ती शिक्षा वाटते.

स्लॉट मशीनपासून मात्र जपा. १०० लावून ४० परत आले तरी ते मशीन जिंकल्यासारखं वाजतं आणि चमकतं. साठ गेलेले असतात. शेवटचं चित्र एका घराने हुकलं की "थोडक्यात राहिलं" वाटतं, प्रत्यक्षात ती साधी पूर्ण हार असते. दर दहा मिनिटांनी पडद्यावरची शिल्लक बघून फोनमध्ये टिपा.

वारणाकाठ

दोघांचेही आभार, पाकिटांचं आवडलं. एक शंका आहे. आमच्यातला एक जण म्हणतोय की पैसे दुप्पट झाले की उठायचं, असा नियम करू. तो बरोबर आहे का?

सांख्यिक

नियम चांगला आहे, पण तो समजतो त्या कारणाने नाही. ५००-५०० लावत १०,००० चे २०,००० होण्याची शक्यता २५ टक्के, आणि त्याआधी सगळे जाण्याची ७५. हेच १०,००० एकाच फेरीत लालवर लावले तर दुप्पट होण्याची शक्यता ४८.६ टक्के. एका फेरीत लावा असं मी म्हणत नाही, तुमची रात्र अर्ध्या मिनिटात संपेल. फरक एवढ्यासाठी दाखवला की पैसे खातो तो वेळ. जितक्या जास्त फेऱ्या, तितक्या वेळा ते २.७ टक्के कापले जातात. दुप्पट झाल्यावर उठलात तर खेळ तिथे थांबतो, फायदा एवढाच. शक्यता बदलत नाही.

उलट बाजूची मर्यादा जास्त कामाची आहे. १०,००० संपले की थांबायचं हे तर आहेच, शिवाय हरल्यावर डाव वाढवायचा नाही. वाढवायचाच असेल तर फायद्यात असताना. काह्नेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलंय की तोट्यात गेलेला माणूस, एरवी कधी घेणार नाही असा धोका पुन्हा बरोबरीला येण्यासाठी घेतो. ही माणसाची सर्वसाधारण घडण आहे, तुमच्या मित्राचा वैयक्तिक दोष नव्हे. म्हणून बोली किती लावायची हा निर्णय टेबलावर घेऊच नका. तो घरी झालेला असावा.

दुसऱ्या दिवशी "काल गेलेले आज काढू" हा विचार येईल, त्यासाठी कराचा नियम लक्षात ठेवा. जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के आयकर आणि वर सेस, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. शनिवारी ५०,००० हरून रविवारी ४०,००० जिंकलात तर तुमच्या हिशोबात दहा हजारांचा तोटा, आणि आयकराच्या हिशोबात चाळीस हजारांचं उत्पन्न.

चाल_पॅक

घरच्या तीन पत्तीचं लिहितो, तिथलं गणित निराळं आहे. कॅसिनो नाही, म्हणून कुणी टक्के कापत नाही. तुमचे गेलेले पैसे जिजाजींच्या किंवा चुलत भावाच्या खिशात जातात. म्हणूनच ते जास्त लागतात, आणि वसूल करायची घाईही जास्त होते.

पत्ते लागत नाहीत ही तक्रार आधी घेतो. ५२ पानांत तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांतले १६,४४० हात, म्हणजे ७४.४ टक्के, नुसते सुटे पत्ते. जोडी ३,७४४, कलर (तिन्ही एकाच चिन्हाची) १,०९६, सिक्वेन्स (ओळीने येणारी) ७२०, ट्रेल (तिन्ही सारखी) ५२ आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची ओळ) ४८. चारांतले तीन हात काहीच नसणं हा खेळाचा नेहमीचा चेहरा आहे. सलग दहा हात जोडीसुद्धा न येणं साधारण एकोणीसांत एकदा होतं. टेबलाला सहा जण असतील तर कुठल्याही दहा डावांत कुणा एकावर तरी ही पाळी येण्याची शक्यता चारांत एक. जागा बदलून, पिसणारा बदलून किंवा गादी उलटी करून यात फरक पडत नाही. पॅक करून, म्हणजे डाव सोडून, पडणारा बूट (डावाआधी प्रत्येकाने टाकायची रक्कम) हा त्या रात्रीचा भाड्याचा खर्च समजा.

बिघडतं ते चाल, म्हणजे आपल्या पाळीला लावायची रक्कम, दुप्पट होत जाते तिथे. बूट १० रुपये वाटतो निरुपद्रवी, पण मर्यादा नसेल तर दोघं जण हट्टाला पेटले की पाच-सहा फेऱ्यांत एकेक चाल तीन आकड्यांत जाते. म्हणून बसण्याआधी हे ठरवा: बूट १०, ब्लाइंड (पत्ते न बघता खेळणं) जास्तीत जास्त चार फेऱ्या, चालीची कमाल मर्यादा ८०, आणि पॉट (मधे जमलेले पैसे) १,००० झाला की सगळ्यांचा सक्तीचा शो, म्हणजे पत्ते उघडायचे. माणशी ५०० चे चिंचोके किंवा चिप्स, संपले तर एकदाच आणखी ५००, तिसऱ्यांदा नाही. बँक न खेळणाऱ्या व्यक्तीकडे. काकू किंवा आजी उत्तम, त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा मागायला कुणी धजत नाही. वहीत लिहून उधारी अजिबात नको. वहीतला आकडा पैसा वाटत नाही आणि भाऊबीजेपर्यंत तोच घरात धुमसतो.

वेळ संपल्याचा डाव हा सर्वांत धोक्याचा. "शेवटचा डाव, बूट १०० चा" असं हरलेलाच सुचवतो आणि बाकीचे भिडेखातर हो म्हणतात. शेवटच्या डावाचा बूट पहिल्या डावाएवढाच, हे आधीच सांगून टाका.

आणि ज्याला ५०० परवडत नाहीत हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, त्याला आग्रह करून बसवू नका. एका रात्रीचे पैसे ज्याला महिनाभर भरून काढावे लागतात, त्याच्याकडून खिलाडूवृत्तीची अपेक्षा करणं अन्याय आहे.

ओवी

वरचं सगळं ज्यांचा खेळ अजून खेळच आहे त्यांच्यासाठी उत्तम आहे. पण "हार पचवता येत नाही" असं म्हणणाऱ्यांत काही जण असे असतात ज्यांना पाकिटं आणि गजर पुरत नाहीत. तो फरक ओळखता यावा म्हणून लिहितेय.

मनोविकारतज्ज्ञ जे निकष वापरतात त्यांत नऊ गोष्टी येतात. तीच मजा यायला रक्कम वाढवत न्यावी लागते. कमी करायला गेलं की चिडचिड होते. थांबवायचे प्रयत्न वारंवार फसतात. डोक्यात सतत तोच विचार असतो. मन उदास किंवा ताणात असताना खेळायची ओढ लागते. हरलेलं काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणं होतं. खेळण्याबद्दल खोटं बोललं जातं. नोकरी, शिक्षण किंवा नातं पणाला लागतं. कर्ज फेडायला इतरांकडे हात पसरावे लागतात. वर्षभरात यांतल्या चार किंवा जास्त गोष्टी दिसल्या तर तो आजार धरतात. २०१३ पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात तो दारू आणि ड्रग्जच्याच प्रकरणात घातला आहे. अशा माणसाला मनोवृत्ती सुधार म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला अंग गार ठेव म्हणण्यासारखं आहे.

वारणाकाठ, तुमच्या चौघांत कुणी आधीपासून मोबाईलवर पैशांचे खेळ लपून खेळत असेल, तर त्याला जहाजावर नेऊ नका. बेत बदला, तेवढी मैत्री निभवा. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर बंदी आली आहे, त्या कायद्याला २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तरी परदेशातून चालणारी ॲप्स टेलिग्रामवरून लोकांपर्यंत पोचतातच, आणि तिथे अडकलेल्या पैशाला कुणी वाली नाही. शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये "रिकव्हरी" करणाऱ्यांनीही वरची यादी स्वतःला लावून बघावी. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये एफअँडओतल्या (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झालेला दिसला.

घरच्यांसाठी. कर्जाचा पूर्ण आकडा एकदाच, कागदावर, सगळ्या लोन ॲप्ससकट मांडून घ्या. अर्धा आकडा सांगितला जातो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा खेळ सुरू होतो. सगळं कर्ज एकरकमी फेडून मोकळं करू नका. त्याला ते मोठं जिंकल्यासारखंच वाटतं आणि हात पुन्हा सैल होतो. पगार जोडीदाराच्या किंवा भावाच्या देखरेखीखालच्या खात्यात, हातात आठवड्याचा खर्च, हप्ते तिथूनच परस्पर. दागिने आणि घराची कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये. सोबत उपचार हवेतच. टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि ते जवळच्या डॉक्टरांकडेही पाठवतात. कर्जापायी "मी नसलो तर बरं" अशी भाषा कानावर आली तर त्याच दिवशी फोन करा, एकटं ठेवू नका.

एक कमी माहिती असलेली गोष्ट. घरात पार्किन्सनसाठी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल घेणारं कुणी असेल आणि आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेला तो माणूस अचानक लॉटरीची तिकिटं आणू लागला, तर त्याला बोल लावू नका. या औषधांचा तो माहीत असलेला दुष्परिणाम आहे. औषध मनाने बंद करू नका, न्यूरॉलॉजिस्टना आठवड्याच्या आत सांगा.

वारणाकाठ

ओवीताई, यादी चौघांच्या ग्रुपवर टाकतो आणि काही दिवस थांबतो, कुणी काही बोललं तर बेत बदलू. नाहीतर २,५०० ची पाकिटं, उधारी बंद, कार्डं लॉकरमध्ये. एवढंच राहिलं, रात्रीच्या शेवटी कुपनं उरली तर?

मांडवीपार

उरू देऊ नका. पहिल्या पाकिटाच्या आधी कुपनंच लावा, लाल-काळ्यासारख्या एकास एकच्या डावावर, सगळी एका तासाच्या आत. ती लवकर संपली की हातात फक्त रोखीच्या चिप्स राहतात आणि हिशोब सरळ होतो. शेवटी दोन-चार उरलीच तर ती टाकून उतरा. ती संपवायला पुन्हा टेबलाशी बसलेला माणूस नव्या चिप्स घेऊन उठतो.

वारणाकाठ

समजलं. सहलीच्या वहीत डिझेल आणि हॉटेलच्या खाली "जहाज, चौघांचे ४०,०००" अशी ओळ आजच लिहून ठेवतोय. परत आल्यावर उरलेले जमेच्या बाजूला लिहू.